शिंगं ताठ, पण आत तार नको

वऱ्हाडात बाळंतविडा म्हटला की घरातल्या बायकांच्या हातात सुई येते. कुंची, झबली, टोपडी, दुपटी, विणलेले मोजे, एखादा इवलासा स्वेटर. बाजारात सगळं मिळत असूनही आत्या-मावशीने स्वतः केलेल्या वस्तूला बारशात वेगळा मान असतो. त्याच हातांनी कधीकाळी रुखवतासाठी क्रोशाची तोरणं, रुमाल आणि ताटाभोवतीच्या महिरपी विणलेल्या असतात. म्हणजे चिखली, मेहकर, मलकापूरच्या घरांना क्रोशाची सुई नवी नाही. नवं आहे ते तिच्यावरून उतरणारं गणगोत: ससे, हत्ती, बाहुल्या, आठ पायांचे ऑक्टोपस.

हा प्रकार जपानी. अमिगुरुमी नावाने तो जगभर गेला आणि व्हिडिओंमधून बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांतही पोचला. रुमाल विणता येणारीला तो जड जात नाही. धाग्याचं एक घट्ट आवळता येणारं वेढं करायचं, त्यात ६ मुके खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. फेरी न जोडता गोल गोल विणत गेलं की आधी चकती होते, टाके वाढवणं थांबवलं की तिची वाटी होते, आणि टाके कमी करत आणले की चेंडू. डोकं, पोट, पाय सगळं याच हिशेबातून निघतं.

आता पोळ्याचा बैल घ्या. बुलढाणा जिल्ह्यात पोळ्याला घरोघर मातीचे बैल पूजले जातात आणि पूजा आटोपली की मुलांचा डोळा त्यांच्यावरच असतो. क्रोशाचा बैल त्यांच्या हाती द्यायला फारच चांगला. पडला तरी फुटत नाही. पण करणारीचा हात थांबत नाही. शिंगं ताठ राहावीत म्हणून आत तार, डोळ्यांना काळे मणी, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीच्या झुलीवर टिकल्या आणि आरसे. बैल देखणा होतो, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या हातात द्यायच्या लायकीचा राहत नाही. घरी केलेली वस्तू आपोआप निर्धोक असते, ही समजूत इथेच फसते.

या वयाचं मूल खेळण्याची पहिली ओळख तोंडाने करून घेतं. मणी सुटला की तो थेट घशाकडे. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत यासाठी एक छोटं नळकांडं असतं, आतून ३१.७ मिलिमीटर रुंद. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा जो तुकडा दाबल्याशिवाय त्यात पूर्ण मावतो, तो धोक्याचा. आपल्या शर्टाचं बटण, घुंगरू, मणी सगळे त्यात आरामात बसतात. दुकानात ‘सेफ्टी आइज’ नावाने मागे चकती असलेले प्लास्टिकचे डोळे मिळतात. नावावर जाऊ नये. विणीची छिद्रं ओढली की सैल होतात आणि चकतीसकट डोळा बाहेर येऊ शकतो. लहानग्यांसाठी डोळे भरतकामाच्या धाग्याने काढावेत. घुंगुरमाळही पिवळ्या धाग्याचे गाठीचे टाके घालून भरता येते. शिंगात तारेऐवजी भराव ठासून भरला आणि सुई एक नंबर बारीक घेऊन वीण घट्ट ठेवली की ती ताठ उभी राहतात. कान आणि शेपूट एकदा शिवून भागत नाही. दुसरी फेरी घालायची, धाग्याचं टोक पोटात खोल ओवायचं आणि मग ते जीव खाऊन ओढून पाहायचं.

धाग्याची गोष्ट या जिल्ह्याला तरी सांगायला नको. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी जलंबहून जेमतेम १३ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. १८७० मध्ये तो सुरू झाला तेव्हा स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच जिल्ह्यातल्या दुकानात ‘लोकर’ मागितली तर बहुतेक वेळा हातात पडतं ते अ‍ॅक्रिलिक. ते स्वस्त आणि झगझगीत असतं, पण त्याला तूस सुटतं आणि ते बाळाच्या तोंडात जातं. ओळखायचं तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून सांभाळून पेटवावा. कापूस जळक्या कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख होतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक काळी गोळी बनते. रंगाची परीक्षा त्याहून सोपी: पांढरं फडकं ओलं करून धाग्यावर घासायचं. फडकं रंगलं तर तो धागा तोरणाला ठेवावा.

धाग्यात कापूस जिंकला, तरी भरावात मात्र तो हरतो. गादीतल्यासारखा कापूस बैलाच्या पोटात भरला की धुतल्यावर त्याचे गोळे होतात, आणि पावसाळ्यात आतला ओलावा निघत नाही, बुरशी धरते. तिथे पॉलिस्टरचा धुण्याजोगा फायबरच बरा. जुन्या चिंध्या, थर्माकोलचे दाणे, धान्य यांतलं काहीही नको.

ऑक्टोपसची कथा डेन्मार्कची आहे. २०१३ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला घेतले. बाळ नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरून ठेवतं, असा तिथला अनुभव. त्यामागचा शास्त्रीय पुरावा अजून तोकडाच आहे. शिकण्यासारखे आहेत ते त्यांचे नियम. धागा शंभर टक्के सुती, खेळणं ६० अंशांच्या पाण्यात धुता येणारं, आणि पाय ताणून धरला तरी २२ सेंटिमीटरहून लांब नको, म्हणजे त्याचा फास बसत नाही. शिवाय ती बाळं रुग्णालयात चोवीस तास परिचारिकांच्या नजरेखाली असतात. घरी वर्षाखालचं बाळ झोपलं की कोणतंही मऊ खेळणं त्याच्याजवळून उचलावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाळण्यावर टांगलेल्या विणलेल्या चिमण्याही बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागलं की काढून ठेवायच्या.

भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून बचत गटातून स्टॉल मांडू पाहणारीने आधी कारागीर ओळखपत्राची चौकशी करावी. सूट चिन्हापुरती आहे. सैल डोळा घशात अडकायचा तसा अडकतोच.

मग येतो भाव. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा-लेसवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका दिवसाचे कित्येक तास विणत, लेस परदेशी जाई, पण त्यांना कामगार न मानता ‘फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ मानलं जाई आणि मजुरीही तशीच मिळे. आपल्याकडेही ससा विकताना धागा आणि फायबर यांचाच हिशेब होतो. डोळे चिकटवण्याऐवजी भरायला लागलेला वेळ, दुहेरी शिलाई, धुऊन पाहिलेला नमुना, हे किमतीत धरलं तर गिऱ्हाईक यात्रेतल्या प्लास्टिकच्या सशाकडे बोट दाखवतं. अशा वेळी सशाच्या पायाला नव्हे, पिशवीला एक चिठ्ठी लावलेली उपयोगी पडते: धागा कोणता, भराव कशाचा, कोणत्या वयापासून द्यायचा, कसा धुवायचा आणि विणायला किती तास लागले.