पोवळ्यांचा प्रवाह आणि माशांचा विसावा

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही धार जिल्ह्यात, बागच्या परिसरात, भूशास्त्रज्ञ ज्याला ‘प्रवाळी चुनखडक’ म्हणतात तो खडक आढळतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याच्या तळाशी हा खडक तयार झाला. नावात प्रवाळ असले तरी त्यात मुख्यत्वे ब्रायोझोआ या सूक्ष्म प्राण्यांचे अवशेष आहेत. पोवळ्यांप्रमाणेच हे प्राणीही एका जागी चिकटून वसाहतीने राहतात. खडकाच्या थरांत तिरप्या रेघा दिसतात. जोरदार पाण्याने गाळ ढकलत नेल्याची ती खूण होय.

जागचा न हलणारा प्राणी आणि वाहते पाणी यांचे हे नाते आज काचेच्या पेटीतही सांभाळावे लागते. समुद्री मत्स्यालयात पोवळी आणि मासे एकत्र ठेवणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते.

पोवळे (आमच्या कन्नड विभागाचे वाचक त्याला ‘हवळ’ म्हणतील) ही वनस्पती नव्हे, तो प्राणी आहे. त्याला अन्नाकडे जाता येत नाही. अन्न त्याच्याकडे यावे लागते. शिवाय कोणत्याही पृष्ठभागालगत पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. वारा असला की ओले कपडे लवकर वाळतात, कारण कपड्याभोवतीची दमट हवा वारा दूर नेतो. त्याचप्रमाणे प्रवाह हा स्थिर थर पातळ करतो, प्राणवायू व अन्नकण आत पोचवतो आणि चिकट स्राव व गाळ वाहून नेतो. प्रवाह कमी पडला की पोवळ्यावर गाळ साचतो, शेवाळ धरते आणि हळूहळू ते मरते.

माशाचे गणित निराळे. त्याला प्रवाहात जागा टिकवण्यासाठी सतत पोहावे लागते. सर्जन मासा हे सहज करतो. समुद्रघोड्याला मात्र ते जमत नाही, तो शेपटीने काहीतरी धरून राहतो. समुद्रात नको असलेला प्रवाह टाळून मासा खडकाच्या आडोशाला जातो. काचपेटीत आपण आडोसा ठेवला नाही, तर तो जाणार कोठे?

पंप विकत घेताना सर्वसाधारणपणे एकच आकडा पाहिला जातो : पेटीतील पाणी ताशी किती वेळा फिरते. २०० लिटरच्या पेटीत ताशी ४,००० लिटरचा पंप, म्हणजे २० पट. मऊ पोवळ्यांना साधारण १० ते २० पट आणि बारीक फांद्यांच्या कठीण पोवळ्यांना त्याहून अधिक, असा ढोबळ हिशेब सांगतात. परंतु ही सरासरी आहे. नदीची सरासरी खोली पाहून पार होऊ गेलेला माणूस मधोमध बुडाला, हा दाखला वाणिज्य शाखेत सर्वांनाच ठाऊक असतो. तेच ४,००० लिटर एका अरुंद तोटीतून सोडले, तर समोरच्या पोवळ्याचे मांस सोलून निघते आणि मागचा कोपरा मृतवत राहतो. तोटीचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होऊन वेग चौथाईवर येतो. पाणी मात्र तितकेच फिरते. म्हणून प्रश्न प्रमाणाचा जितका, तितकाच वाटपाचा आहे.

हे वाटप कसे करावे? एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप समोरासमोर लावावेत, म्हणजे झोत एकमेकांवर आदळून विखुरतात. कोणताही झोत थेट पोवळ्यावर रोखू नये. दगड भिंतीसारखे न रचता मधून पोकळ्या ठेवाव्यात. त्यांतून पाणीही खेळते आणि माशांना आडोसाही मिळतो. कठीण पोवळी वर, जोराच्या जागी. मऊ पोवळी खाली. खाणे घालताना पंप दहा मिनिटे थांबवावा. रात्री वेग थोडा कमी केला तर चालते. पण बंद करू नये. अंधारात पोवळ्यांतील शैवाल प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट सर्वजण तो वापरीत असतात.

माळव्यातील उन्हाळ्यात एक अडचण वाढते. पाण्यातील पंप स्वतःच उष्णता देतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पृष्ठभाग हलता असल्याने बाष्पीभवनही जास्त. क्षार मात्र मागेच राहतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार ही मर्यादा राखण्यासाठी घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरावे लागते. वीज गेली तर पहिला धोका प्राणवायूचा, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा.

यशाची परीक्षा पंपावरच्या आकड्यात नाही. पोवळ्याचे बाहू उघडून संथ डोलत असावेत, मासा मोकळेपणी फिरून खात असावा. तो दिवसभर एकाच कोपऱ्यात दबून राहिला, तर प्रवाह चुकला असे समजावे.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून ती उचलून आणणे हा गुन्हा आहे. कायदेशीर मार्गाने मिळालेला जीव पाळायचा, तरी त्याला आपली पेटी सोडून जाता येत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मासा प्रवाहापासून पळू शकत नाही, पोवळे प्रवाहाकडे जाऊ शकत नाही. तेव्हा दोघांची सोय पाहणे हे पाळणाऱ्याचेच कर्तव्य ठरते.