रेलून सायकल, लांबचा पल्ला

रिकम्बंट सायकलवर बसत नाहीत, रेलतात. पाठ टेकलेली, पाय समोर पसरलेले, पेडल जवळजवळ सीटच्या उंचीला. दिवसभराच्या सायकलिंगनंतर बूड, मनगटं आणि मान ठणकतात, तो त्रास इथे बराचसा टळतो, कारण वजन पाठीवरही विभागलं जातं. वाऱ्याला अंगही कमी लागतं. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटर कापून १९१४चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली, की हा प्रकार आपोआप बाद! लांब भटकणाऱ्यांनी मात्र तो टिकवला.

सुरुवात सायकल मापाला लावण्यापासून करा. पेडल सीटपुढे निघालेल्या नळीच्या टोकाला असतात. ही नळी, म्हणजे बूम, पुढेमागे सरकते. पेडल सगळ्यात लांब गेलं असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. बूम फार जवळ असेल तर गुडघे बोलू लागतात, फार लांब असेल तर टाचेमागची शीर. बूम बरीच सरकवली की चेनची लांबीही बदलावी लागते. आणि ही चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडून केलेली असते. सामानात चेनच्या दोन-चार कड्या आणि चेन तोडायचं हत्यार हवंच.

मग तोल. मोकळं मैदान गाठा आणि गिअर आधीच हलका करून ठेवा. एक पाय जमिनीवर, दुसरा वर आलेल्या पेडलवर. पेडल ठामपणे रेटा आणि जमिनीवरचा पाय लगेच उचला. नवखा माणूस इथे मान ताठ करून उठायला बघतो, हँडल आवळतो आणि सायकल नागमोडी जाते. पाठ सीटला चिकटलेली आणि हात सैल राहिले, की निम्मं काम झालं.

खरी परीक्षा चढावर. इथे उभं राहून पेडलवर वजन टाकता येत नाही, म्हणून भरपूर हलके गिअर लागतात आणि पाय भरभर फिरवावे लागतात. मांड्यांना हे नवं असतं. टूरआधी काही महिने सराव नसेल तर गुडघे हिशोब चुकता करतात. त्यातून दुचाकी अगदी सावकाश चालवली की डगमगते. पुढे दोन चाकं असलेली तीनचाकी ट्राइक डगमगत नाही. ऐन चढावर थांबावं, ब्रेक अडकवावा, केळं खावं, पुन्हा निघावं. ती जड असते आणि तीन चाकांपैकी एखादं खड्ड्यात जातंच, तरी घाटवेड्यांनी तीच घ्यावी असं माझं मत. फक्त पाय पेडलला अडकवलेले हवेत. चालत्या ट्राइकवर पाय निसटून जमिनीला टेकला, तर तो सीटखाली ओढला जाऊन मोडू शकतो.

पहिल्या टूरसाठी जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूबकाठचा रस्ता उत्तम. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सपाट आणि डांबरी. वाटेत श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी वळते, पुढे वाखाउचे द्राक्षमळे लागतात. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर पुरे. मेल्कचा मठ नदीवरच्या कड्यावर आहे. हलक्या गिअरची चाचणी तिथे घ्या.

सामान सीटच्या मागे उंच रचू नका, दोन्ही बाजूंना खाली लटकवा. पुढचं-मागचं चाक वेगळ्या मापाचं असेल तर ट्यूबही दोन्ही मापांच्या घ्या. तोंड आभाळाकडे असल्याने ऊन आणि पाऊस थेट चेहऱ्यावर येतात. झापेवाली टोपी आणि गॉगल लागतोच. बुटक्या सायकलला उंच काठीवर झेंडा लावा. परतीचं रेल्वे तिकीट काढण्याआधी सायकलची लांबी-रुंदी सांगून जागेची खात्री करा. उभ्या सायकली टांगायच्या हुकांवर ही बसेलच असं नाही.