दिवाळीचे पाहुणे आणि आपला गोठा



गळीत हंगामाची मोळी आणि दिवाळीचे पाहुणे आपल्या भागात साधारण एकाच सुमारास येतात. पुण्या-मुंबईचे भाऊ, जाऊबाई, जावई, नातवंडे वस्तीवर उतरतात. त्याच आठवड्यात ऊसतोडणीच्या टोळ्याही कोपी घालू लागतात. वर्षभर शांत असलेल्या वस्तीवर अचानक दुप्पट माणसे, दुप्पट जनावरे आणि फटाके! या दिवसांत आमचे शेतकी मदतनीस वस्तोवस्ती फिरत असतात. त्यांच्याकडून जे ऐकू येते आणि आम्ही स्वतः जे पाहतो, ते या अंकात मांडावे असे ठरविले. ऊस विकास खात्याने गोठ्यावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण ऊस ज्या घरात पिकतो, त्याच घरचा गोठा आणि त्याच घरची पोरे आहेत.

पाहुण्यांच्या मुलांना आपल्याकडचे सर्वांत मोठे आकर्षण कोणते? विहीर नाही, उसाचा फड नाही, हुरडा तर त्या दिवसांत नसतोच. आकर्षण म्हणजे वासरू. शहरातली मुले वासराजवळून हलत नाहीत. वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, आपल्या बायाबापड्या गायवासराची पूजा करतात. गहू-मूग खात नाहीत, दूध-तूप वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपास सोडतात. त्या दिवशीचे दूध वासराचे, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही लावतो. नातवंडांना त्या दिवशी पूजेचे ताट धरायला लावावे आणि ही भाकरी त्यांनाही वाढावी. पुढे शेअर त्यांच्याच नावावर जाणार आहे. गोठ्याशी ज्याची ओळख नाही तो उद्या या शेताचे काय करील, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

गाय नुकतीच व्यालेली असली की पाहुण्यांना खरवस हवा असतो. जरूर करावा. पण पहिला चीक वासराचा. गायीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती मिळते या पहिल्या चिकातूनच, आणि तीही जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत पोटात गेला तरच. म्हणून वासरू पोटभर पाजावे, उरलेल्याचा खरवस करावा. पाहुणे जावईबापू असले तर सांगायला अवघड जाते, हे आम्ही जाणतो.

आता मुख्य गोष्ट. "आमचा बैल गरीब आहे हो, मारत नाही," हे वाक्य आपण सर्रास बोलतो. ते खरेही असते, पण आपल्यापुरते. जनावर वासाने आणि आवाजाने घरच्या माणसाला ओळखते. पाहुण्याला ते ओळखत नाही. रंगीत फ्रॉक घातलेली, किंचाळत पळणारी चार पोरे एकदम दावणीला आली, तर गरीब गायसुद्धा शिंग हलवील. त्यातून ती वासराची आई असेल तर विचारूच नका. गायीबैलांना जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त बरोबर पाठीमागचे दिसत नाही. आणि मुले नेमकी शेपटीच धरायला जातात. मुलांना खांद्याच्या बाजूने, नाव घेत, हळू जवळ नेण्याचे काम घरच्या जाणत्या माणसाने करावे. पहिल्या दिवशी अर्धा तास दिला की पुढचे चार दिवस घोर राहत नाही.

फटाके गोठ्याजवळ नकोतच. म्हैस दावे तोडते ते सर्वांनी पाहिलेले आहे. भ्यालेली गाय पान्हा चोरते, हेही दूध काढणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. पाहुण्यांना मात्र सांगावे लागते.

दुसरे म्हणजे प्रेमाने चारणे. गोग्रास एक पोळीचा असतो. पण सणाचे उरलेसुरले भात-पोळ्या, लाडू, शिजवलेली डाळ पाटीभर गायीपुढे ओतली की पोटात आंबते, गाय चारा सोडते, आणि वेळेत डॉक्टर आला नाही तर दगावतेही. पाहुण्यांना चारायचेच असेल तर टोळीने सोडलेल्या हिरव्या वाढ्यांचे चार तुकडे त्यांच्या हाती द्यावेत. मुलांना तेवढाच आनंद होतो.

कुत्र्याच्या बाबतीत आम्हाला जास्त लिहायचे आहे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. वस्तीवरचे कुत्रे राखणीचे असते. परक्याच्या अंगावर जाणे हेच त्याचे काम, आणि चार दिवस घरात सगळे परकेच असतात. चावा लहान असला तर मुले सांगत नाहीत. घरातली मोठी माणसेही "आपलाच कुत्रा आहे" म्हणून हळद दाबतात किंवा तिखट लावतात. बंधूंनो, पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. पण लक्षणांआधी उपाय केला तर हा रोग पूर्ण टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा, कारण तेवढा वेळ प्रत्यक्षात फार लांब वाटतो. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते; जवळ नसेल तर मोठे रुग्णालय गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती अजून आपल्या म्हाताऱ्यांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आता चार-पाच वेळा दंडात घ्यायची साधी सुई असते.

पाहुण्यांच्या बाबतीत यात एक मोठी अडचण आहे. भाऊबीज झाली की मूल पुण्याला जाते आणि कुत्रे इथेच राहते. मुलाच्या पुढच्या सुया तिकडे व्हायच्या असतात, म्हणून दवाखान्याचा कागद त्याच्या आईच्या पिशवीत द्यावा. आणि कुत्रे दहा दिवस नजरेसमोर ठेवणे हे यजमानाचे काम आहे. दहा दिवसांत ते आजारी पडले, मेले किंवा निघून गेले तर त्याच दिवशी फोन करून कळवावे. "उगाच कशाला त्यांना घोर" असे म्हणून गप्प बसू नये. कुत्रे धडधाकट दिसते म्हणून लस लांबविणे हेही चूकच. लस आधी, पाळत बरोबरीने. खरे तर दिवाळीच्या महिनाभर आधी घरच्या कुत्र्याला लस टोचून घेतली, तर यातली निम्मी धावपळ वाचते.

याच रोगाचे आणखी एक रूप गोठ्यात दिसते. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात काही अडकले असेल म्हणून धनी तोंडात हात घालतो. असा हात घालू नये. घातला गेला असेल तर त्यालाही लस लागते. अशा गायीचे दूध कोणाला देऊ नये. एरवीही शहरच्या मुलांना धारोष्ण दूध पाजण्याची हौस आवरावी. उकळून दिले तर काही बिघडत नाही.

हल्ली पाहुणे आपली कुत्रीही मोटारीत घालून आणतात. मऊ गादीवर झोपणारे कुत्रे रात्री अंगणात बांधले जाते, आणि अंगणापलीकडे ऊस उभा असतो. ऊस म्हणजे बिबट्याचे घर, हे जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातील शेतकऱ्याला सांगायला नको. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरे आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणजे अंगणात बांधलेले कुत्रे हे राखणदार नव्हे, आमंत्रण ठरते. पाहुण्यांचे कुत्रे रात्री घरात घ्यावे, आपले बंदिस्त खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवावे. दिवस मावळल्यावर मुले उसाच्या कडेने एकटी सोडू नयेत. परसाकडे जायचे तरी मोठे माणूस आणि बॅटरी बरोबर हवी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने लहान मुलांचे जीव घेतले. ते दिवस दिवाळीच्या आगेमागेचेच होते.

इथे आणखी एक बोलतो. पाहुण्यांची मुले चार दिवस राहून जातात. टोळीतल्या माणसांची मुले मात्र सारा हंगाम उसाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत झोपतात. त्यांचे आईबाप पहाटे अंधारातच फडात गेलेले असतात. ज्यांच्या रानात कोपी पडतात, त्या सभासदांनी त्या उसापासून शक्य तेवढ्या दूर, मोकळ्यावर घालायला लावाव्यात आणि एक दिवा ओढून द्यावा. विजेचे बिल फार येत नाही. त्यांच्या पोराला कुत्रे चावले तर मुकादमाची वाट न पाहता आपल्या गाडीवर घालून दवाखान्यात न्यावे.

तोडणी चालू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. मांजराएवढी, गोजिरवाणी पिल्ले. पाहुण्यांची मुले धावतात, मोबाईल निघतात, फोटोसाठी पिल्लू हातोहात फिरते. असे होऊ देऊ नये. तेवढ्या भागातली तोडणी थांबवावी, माणसे मागे घ्यावीत आणि वनखात्याला कळवावे. पिल्ले सापडली त्याच जागी रात्री ठेवली तर बहुधा आई येऊन घेऊन जाते. उचलून नेली तर ती त्याच शिवारात चिडून हिंडत राहते. तोडणी एक दिवस मागे गेली तर टोळीला दुसऱ्या सरीवर लावून घेऊ. त्यासाठी गट कार्यालयात निरोप द्यावा.

वनखात्याचा मोफत फोन १९२६. आजारी जनावरासाठी पशुवैद्यकीय मदतीचा १९६२. शेवटचे दोन आकडे उलटसुलट आहेत, गडबडीत चुकतात. म्हणून गोठ्याच्या भिंतीवर वासराचे चित्र काढून त्याखाली १९६२ आणि बिबट्याचे काढून त्याखाली १९२६ असे पाहुण्यांच्या मुलांकडूनच गेरूने लिहून घ्यावे.