सातशे किलोंचे सुख

2025 च्या जुलैमध्ये एमजी सायबरस्टर ही विजेवर चालणारी, उघड्या टपाची आणि दोनच आसनांची गाडी भारतात विक्रीला आली. ताकद 510 पीएस, शून्यापासून शंभरचा वेग 3.2 सेकंदांत, किंमत 75 लाखांच्या घरात. वजन मात्र जवळजवळ दोन टन. दोन माणसांना फिरवायला दोन हजार किलो! याच देशात डिसेंबर 1983 मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेली मारुती 800 साडेसहाशे किलोंच्या आसपास होती आणि त्यात अख्खे कुटुंब सामानासकट मावत होते. चाळीस वर्षांत आपल्याकडे रस्ते सुधारले, पैसा आला, हौस वाढली. त्या हौसेबरोबर गाडीचे वजनही वाढत गेले आणि जड गाडी म्हणजेच चांगली गाडी, अशी समजूत घट्ट होत गेली. या लेखात ती समजूत तपासायची आहे.

वेगाची आवड असणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकाला हलकी, साधी, कमी ताकदीची पण चपळ स्पोर्ट्‌स कार हवी असते. दुसऱ्याला ताकदवान, शांत, सफाईदार गाडी हवी असते. ती सकाळी ऑफिसला नेईल, रविवारी घाटात पळेल आणि रात्री आईवडिलांना लग्नाहून आरामात घरी आणेल. दोन्ही पंथांचे म्हणणे ऐकायला बंगळूरचे मल्लेश्वरम ही चांगली जागा आहे.

घाटगे आणि चॅपमन

मल्लेश्वरम ही 1898 च्या प्लेगनंतर आखून वसवलेली वस्ती. उभे ‘मेन’ आणि आडवे ‘क्रॉस’, दोन्ही बाजूंना जुनी झाडे आणि आता त्या झाडांखाली लागलेल्या गाड्यांच्या रांगा. इथले काडु मल्लेश्वराचे देऊळ शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या नावाशी जोडलेले आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही वस्ती पहिल्यापासून आपली वाटते. वस्तीला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे, आणि हलकेपणाची गोष्ट तिथूनच सुरू करता येते.

या संस्थेत 1942 मध्ये वैमानिक अभियांत्रिकी विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत डॉ. विष्णू माधव घाटगे होते. गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले हे मराठी शास्त्रज्ञ पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. नंतर आले ‘पुष्पक’: दोन आसने आणि 90 अश्वशक्तीचे इंजिन. आजच्या साध्या हॅचबॅकएवढ्या ताकदीवर ते दोन माणसांना घेऊन आकाशात जाई, कारण त्यात अनावश्यक असे काही ठेवलेलेच नव्हते. पुढे याच शहरात ‘हंसा’ हे संमिश्र साहित्याचे छोटे विमान 1993 मध्ये उडाले, आणि 2001 मध्ये ‘तेजस’ उडाले. तेजस ज्या प्रकल्पातून आले, त्याच्या नावातच ‘हलके’ हे विशेषण होते.

इंग्लंडमध्ये लोटस कंपनी काढणारे कॉलिन चॅपमन याच विचाराचे. ते मूळचे संरचना अभियंते, विमान चालवायला शिकलेले आणि विमानाच्या बांधणीकडे बघून गाडी आखणारे. 1957 ची लोटस सेव्हन म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, चार चाके आणि दोन माणसे. 1962 च्या लोटस 25 या शर्यतीच्या गाडीत त्यांनी वेगळी चेसिस काढून टाकली आणि सांगाड्याचे काम कवचाकडेच सोपवले. 1996 मध्ये, चॅपमन यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, लोटस एलिस आली. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली तिची चेसिस फक्त 68 किलोंची होती. अख्खी गाडी 725 किलोंच्या आसपास, इंजिन 118 अश्वशक्तीचे. पॉवर स्टिअरिंग नव्हते, कारण एवढ्या हलक्या गाडीला त्याची गरजच नव्हती.

वजन हे चक्रवाढ व्याजासारखे वाढते. गाडी जड झाली की मोठे इंजिन लागते. मोठ्या इंजिनाला मोठा गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर आणि मोठी टाकी लागते. एवढे सगळे थांबवायला मोठे ब्रेक, ते मावायला मोठी चाके, आणि ती चाके खड्ड्यांतून सांभाळायला दणकट सस्पेन्शन. मग या सगळ्याचा दणका आणि आवाज माणसांपर्यंत पोहोचू नये म्हणून ध्वनिरोधक थर, जाड काचा आणि विजेवर आपली कडकपणाची पातळी बदलणारे शॉक अब्सॉर्बर. हेच चक्र उलट फिरवले की प्रत्येक सुटा भाग लहान होत जातो आणि एलिस हाती येते.

आपल्याकडचे तीन प्रयत्न

भारतात या पंथाची माणसे नव्हती असे नाही. बंगळूरच्या सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीचे मुख्य काम कारखान्यांसाठी डिझेलची रेल्वे इंजिने बांधण्याचे. रेल्वे इंजिनाला वजन हवेच असते, कारण त्या भारामुळेच पोलादी चाक पोलादी रुळाला धरून राहते. त्याच कंपनीच्या सॅन मोटर्सने 1998 मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ आणली: फायबर ग्लासची, दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी. आत रेनोचे 1149 सीसीचे इंजिन आणि 60 अश्वशक्ती. आकड्यांत हे काहीच वाटत नाही. पण कारखाना गोव्यात, कंपनी बंगळूरची आणि आराखडा टप उघडून फिरण्याचा, हे गणित जमणारे होते. बंगळूरची हवा उघड्या गाडीला भारतातल्या कुठल्याही महानगरापेक्षा अधिक मानवते.

दुसरा प्रयत्न रायगडातला. अलिबागच्या वाटेवर कार्लेखिंडीजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. इंजिन इसुझूचे 1.8 लिटरचे, म्हणजे अॅम्बॅसेडरमध्ये बसणारेच. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. बाह्यांग हाताने केलेले फायबरचे असले, तरी इंजिनाला हात लावायला घाबरणारा मेकॅनिक त्या काळात महाराष्ट्रात कुठेही भेटला नसता.

तिसरा प्रयत्न टाटा मोटर्सचा. मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘टॅमो रेसमो’ उभी राहिली. दोन आसने, इंजिन आसनांच्या मागे, 1.2 लिटर टर्बो पेट्रोल, 190 पीएस, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. वर्षभरात प्रकल्प गुंडाळला गेला. त्या विचाराचा एक अंश ऑक्टोबर 2018 मध्ये ‘टियागो जेटीपी’च्या रूपाने रस्त्यावर आला. कोइंबतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर केलेली ही टनभर वजनाची, 114 पीएसची हॅचबॅक होती. 2020 मध्ये तीही बंद झाली.

शर्यतीच्या मैदानात मात्र हलकेपणाने आपल्याला भरभरून दिले. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1988 मध्ये मारुती 800 चे इंजिन एका उघड्या सांगाड्यात बसवून एक आसनी ‘फॉर्म्युला मारुती’ गाडी तयार केली. फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीच्या काळात याच गाडीत शर्यती शिकला.

सफाईदार गाडीची बाजू

दुसऱ्या पंथाचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. मार्च 2021 मध्ये बीएमडब्ल्यूने एम340आय भारतात आणली आणि तिची जुळणी चेन्नईत सुरू केली. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, 387 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, शंभरचा वेग 4.4 सेकंदांत, वजन पावणेदोन टनांच्या आसपास. वजनाच्या प्रमाणात ताकद मोजली तर एलिसला टनामागे 163 अश्वशक्ती मिळते आणि हिला सुमारे 220. म्हणजे वजन वाढूनही ती सरळ रस्त्यावर पुढेच जाते. शिवाय चार दरवाजे, डिकी, थंड हवा आणि शांतता. पावसात टप गळत नाही, हायवेवर कान बसत नाहीत, आणि दिवसभर चालवून उतरल्यावर पाठ बोलत नाही.

सुरक्षेचा मुद्दा सगळ्यात वजनदार. हलक्या आणि जड गाडीची टक्कर झाली तर वेगातला बदल हलक्या गाडीच्या वाट्याला जास्त येतो. बंगळूरच्या बल्लारी रोडवर डाव्या हाताला बस आणि उजव्या हाताला ट्रक असताना, कमरेएवढ्या उंचीच्या फायबरच्या गाडीत बसलेल्या माणसाने हे विसरू नये. आधुनिक गाडीचे काही वजन एअरबॅग, दारातले पोलादी अडसर आणि चुरगळून धक्का सोसणारा पुढचा भाग यांचे असते. ते वजन वाया गेलेले नाही. म्हणून हलकी स्पोर्ट्‌स कार घरातली एकमेव गाडी असू नये, असे माझे ठाम मत आहे.

दहा सेंटिमीटरची परीक्षा

खाली बसलेली गाडी आपल्या रस्त्यांवर चालणारच नाही, हा सर्वांत ऐकू येणारा आक्षेप. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असतो. त्याची वक्रता 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. एलिसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.3 मीटरचे अंतर आहे. गाडीचा मध्य गतिरोधकाच्या माथ्यावर आला की दोन्ही चाके स्वतःही उतारावर चढलेलीच असतात, आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा चार सेंटिमीटरही वर येत नाही. 2.9 मीटर अंतराच्या लांब सेदानला हाच आकडा सहाच्या पुढे जातो. म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची सारखी असेल, तर नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर आखूड स्पोर्ट्‌स कारचे पोट लांब गाडीपेक्षा अधिक सुरक्षित आहे. नाकाची काळजी घ्यावी लागते, ती हळू आणि थोडे तिरके चढून घेता येते.

घासते ती गल्लीत कोणीतरी रातोरात टाकलेल्या हातभर रुंदीच्या सिमेंटच्या उंचवट्यावर. तिथे चाके सपाट जमिनीवर असतात आणि अख्खी उंची पोटाला भिडते. तो उंचवटा रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही तितकाच छळतो. दोष गाडीच्या उंचीत शोधण्यापेक्षा त्या उंचवट्यात शोधावा.

ताशी चाळीसचा आनंद

मल्लेश्वरमहून नंदी हिल्स सुमारे 60 किलोमीटर. हेब्बाळ, येलहंका, देवनहळ्ळी, मग डावीकडे वळून द्राक्षांचे मळे आणि शेवटी घाट. बंगळूरचे गाडीवेडे रविवारी पहाटे इथेच भेटतात. 387 अश्वशक्तीची गाडी या घाटात काय करते? दुसऱ्या गिअरमध्ये क्षणभर डरकाळी फोडते आणि पुढचे वळण आले म्हणून लगेच ब्रेक मागते. तिच्या क्षमतेचा चौथा हिस्साही कायद्यात आणि शहाणपणात बसत नाही. चालकाला सगळे सोपे वाटते आणि गाडी तरीही अस्वस्थ असते.

हलक्या गाडीत ताशी चाळीसवर घटना घडू लागतात. स्टिअरिंग वळणात जड होते आणि पुढच्या टायरची पकड सुटू लागली की पुन्हा हलके होते. रस्त्यावरची माती तळहाताला कळते. अॅक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि नाक आत वळते, हे चालकाला कमरेने समजते. इंजिन पूर्ण वापरता येते, गिअर चुकला तर लगेच कळते, बरोबर पडला तर त्याचे समाधान मिळते. वेगमर्यादेच्या आत राहून कौशल्य पणाला लागते, आणि गर्दीच्या देशात स्पोर्ट्‌स कारकडून मागण्यासारखे यापेक्षा मोठे काही नाही. सॅन स्टॉर्मचे 60 घोडे यासाठीच थट्टेचा विषय नव्हते.

मालकीचा हिशेबही याच दिशेने बोलतो. कर्नाटकात 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला 18 टक्के आजीवन कर आणि वर अधिभार लागतो. 62.9 लाखांना आलेल्या एम340आयवर अधिभार सोडूनच सव्वाअकरा लाखांच्या पुढे कर होतो. आयात गाडीची अवस्था मराठी घरांना 2003 पासून ठाऊक आहे. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारी 360 मोडेनाच्या सीमाशुल्काची चर्चा तेव्हा घराघरांत झाली होती. हलक्या गाडीला टायर छोटे, ब्रेक पॅड छोटे, तेल कमी, आणि ते सारे झिजतेही हळू. तिची अडचण वेगळी असते. फायबरच्या अंगाला तडा गेला की नेहमीचा डेंटर-पेंटर हात वर करतो. मग फायबरच्या पाण्याच्या टाक्या किंवा होड्या करणारा कारागीर शोधावा लागतो. पावसाळ्यात टपाच्या रबरी पट्ट्या जपाव्या लागतात. ही झळ सोसायची तयारी असेल त्यानेच या वाटेला जावे.

काय करता येईल

स्टॉर्म, चिंकारा आणि रेसमो यांच्या मागोमाग दुसरे कोणी आले नाही, याचे एक कारण नियमांत आहे. 2017 ते 2020 या काळात टक्कर चाचण्या, एबीएस, एअरबॅग आणि बीएस-6 लागू झाले. हे नियम जीव वाचवतात, ते हवेतच. पण वर्षाला पन्नास गाड्या बांधणाऱ्याच्या माथी प्रत्येक गाडीमागे चाचण्यांचा जो खर्च बसतो, तो लाखो गाड्या बांधणाऱ्याला जाणवतही नाही. हौशी माणसाने स्वतः गाडी बदलून घ्यावी म्हटले, तर मोटार वाहन कायद्याचे, गाडीतले फेरफार रोखणारे कलम 52 आडवे येते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते अधिक ठसठशीत केले. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आहे, आणि तिथल्या छोट्या कारखान्यांचा सारा पंथ त्या पद्धतीवर जगतो.

आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी 1966 पासूनची चाचणी संस्था आहे, कोल्हापूरला ओतकाम आणि मशिनिंग जाणणारे शेकडो कारखाने आहेत, बंगळूरला संमिश्र साहित्याची विमाने बांधणारे हात आहेत. एवढे सगळे असताना ब्रेक, दिवे, सीटबेल्ट आणि सांगाड्याची मजबुती काटेकोरपणे तपासणारी, पण छोट्या संख्येला परवडणारी नोंदणीची वाट सरकारने मोकळी करावी. आणि ग्राहकाने शोरूममध्ये अश्वशक्ती विचारण्याआधी वजन विचारावे. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर तयार करणारी माणसे या तीन शहरांत आजही आहेत.