ताडोबाच्या वाटेवर हॉटेलचा धंदा : आधी काम शिका, मग खोल्या बांधा

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की कोळसा, कागद, बांबू आणि तेंदूपत्ता एवढेच पूर्वी व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे येई. आता त्यात वाघाची भर पडली आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. पुढे १९८६ चे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांजवळ रिसॉर्ट आहेत. त्यांना आचारी, वाढपी, खोल्यांची निगा राखणारे आणि हिशेब ठेवणारे लागतात. आपल्या होतकरू तरुणांनी या धंद्याचा विचार जरूर करावा.

मात्र घरची जमीन गहाण टाकून खोल्या बांधण्यापासून सुरुवात करू नये, असे आम्हांस वाटते. जंगलाचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते; हंगामातही दर मंगळवारी तेथील सफारी बंद. खरी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठ्यावर वाघ दिसतो तेव्हा. कर्जाचा हप्ता मात्र पावसाळ्यातही भरावा लागतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऐन हंगाम हातचा गेला, हे विसरता येणार नाही.

म्हणून पहिली दोन वर्षे उमेदवारीची समजावीत. पाचशे माणसांची देग उतरवणारे बावर्ची आपल्याकडे आहेत. रिसॉर्टचा भटारखाना मात्र वेगळे मागतो. पहाटेच्या सफारीआधी चहा तयार हवा, चारच माणसांचे जेवण रोज त्याच चवीचे हवे, कोठीची नोंद चोख हवी. शाकाहारी पाहुणेही पुष्कळ येतात; त्यांची भांडी वेगळी ठेवली तर विश्वास बसतो. दहावी झालेल्यांसाठी आय.टी.आय.मध्ये पाककामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आपल्या जिल्ह्याजवळ तो कोठे चालतो याची आधी चौकशी करावी. बारावीनंतर पदवी घ्यायची असेल तर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थांत जाता येते.

हाती कसब आल्यावर खानावळ काढावी; पण गिऱ्हाईक बारमाही असेल तेथे. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे मोठे स्थानक आहे. चंद्रपुरात खाणी आणि वीज केंद्राचा कामगार आहे. गडचिरोली १९८२ पासून जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेरीच्या कामाला खेड्यापाड्यांतून माणूस येतोच. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, ती वरकमाई. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. भांडवलासाठी २००० साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चालू योजना विचाराव्यात.

आणि कारागिरांनो, हा धंदा केवळ स्वयंपाक्यांचा नाही. गाद्या, पडदे, लाकूडकाम, वायरिंग, कूलर, गाड्यांची दुरुस्ती हे सारे रिसॉर्टला लागते. आणि पाहुणे नसतात तेव्हाच ते उरकून घेणे सोयीचे असते. जून लागण्यापूर्वी आपला दर कागदावर लिहून मालकांना भेटा. ज्या तीन महिन्यांत खोल्यावाल्याचा गल्ला रिकामा असतो, त्याच महिन्यांत तुमच्या हाताला काम मिळू शकते.