संरचित प्रोग्रॅमिंग : संकल्पना, फायदे आणि मर्यादा

प्रस्तावना

संगणकाकडून एखादे काम करून घेण्यासाठी लिहिलेला आज्ञांचा संच म्हणजे आज्ञावली होय. १९६०च्या दशकात आज्ञावल्यांचा आकार वाढत गेला, तसतसे त्यांतील चुका शोधणे व त्यांत बदल करणे अवघड होऊ लागले. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'ने भरविलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअरचे संकट' म्हणून या अडचणींची चर्चा झाली. याच काळात संरचित प्रोग्रॅमिंगची विचारपद्धती पुढे आली. वर्गात तिची ओळख बहुधा 'गोटू ही आज्ञा वापरू नये' या एका नियमापुरती करून दिली जाते. हा नियम त्या पद्धतीचा केवळ एक परिणाम आहे. तिचा मूळ हेतू लक्षात घेतला, तरच तिचे फायदे आणि मर्यादा यांचे योग्य मूल्यमापन करता येते. प्रस्तुत लेखात असा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

'गोटू' ही आज्ञा संगणकाला आज्ञावलीतील दुसऱ्या ठिकाणी थेट उडी घ्यायला सांगते. अशा उड्या वाढल्या, की एखाद्या ओळीपर्यंत आपण कोणकोणत्या मार्गांनी पोहोचू शकतो, हे वाचकाला सांगता येत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी मार्च १९६८ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकातील पत्रात नेमके यावर बोट ठेवले. कालौघात घडत जाणारी प्रक्रिया डोळ्यांसमोर आणण्याची माणसाची शक्ती तोकडी असते. म्हणून कागदावरील मजकूर आणि प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांतील अंतर शक्य तितके कमी असावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

त्यापूर्वी १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी या इटालियन संशोधकांनी सिद्ध केले होते, की कोणताही प्रवाह-आलेख अनुक्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत मांडता येतो. मात्र त्यासाठी काही वेळा जादा चल वापरावे लागतात. वर्गाचा निकाल तयार करण्याचे उदाहरण घेऊ. गुण वाचणे, बेरीज करणे व टक्केवारी काढणे हा अनुक्रम झाला. विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरविणे ही निवड होय, तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी हीच कृती करणे ही पुनरावृत्ती होय. अशा प्रत्येक रचनेला एकच प्रवेश व एकच निर्गम असतो.

फायदे

१. आज्ञावली वरून खाली क्रमाने वाचता येते. त्यामुळे मूळ लेखक नसतानाही दुसऱ्या व्यक्तीला तिच्यात दुरुस्ती करता येते.

२. मोठ्या कामाची लहान उपकार्यांत विभागणी होते. प्रत्येक उपकार्य स्वतंत्रपणे तपासता येते आणि अनेकांना एकाच वेळी काम करता येते.

३. आज्ञावलीच्या अचूकतेविषयी तर्कशुद्ध विधान करणे सोपे जाते. टोनी होर यांनी १९६९ मध्ये मांडलेली सिद्धतेची पद्धत अशाच रचनांवर आधारलेली आहे.

मर्यादा

पहिली मर्यादा नियमाच्या शब्दशः पालनातून उद्भवते. हजार नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे आणि ते तिसऱ्या क्रमांकावर सापडले, असे समजा. तेथेच थांबणे स्वाभाविक आहे. परंतु 'एकच निर्गम' पाळण्यासाठी 'सापडले' असा एक खुणेचा चल ठेवून तो प्रत्येक फेरीत तपासावा लागतो. असे चल वाढले, की गुंता उड्यांमधून चलांमध्ये जातो. डोनाल्ड नूथ यांनी १९७४ मधील लेखात काही प्रसंगी 'गोटू'मुळे आज्ञावली अधिक सुबोध व वेगवान होते, हे उदाहरणांसह दाखविले. सी भाषेत लिहिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात चूक उद्भवल्यास आवराआवर करून बाहेर पडण्यासाठी ही आज्ञा आजही वापरली जाते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. या पद्धतीचा भर क्रियेवर असल्याने माहिती आणि तिच्यावरील क्रिया अलग राहतात. एकच माहिती अनेक उपकार्ये वापरत असतील, तर तिच्या स्वरूपातील लहानसा बदलही सर्वत्र पोहोचवावा लागतो. वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंगने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्याची बीजे सिम्युला ६७ या भाषेत होती. तिच्या जनकांपैकी उले-योहान डाल हे डायक्स्ट्रा व होर यांच्यासह १९७२ च्या 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे सहलेखक होते. यावरून दोन्ही पद्धती परस्परविरोधी मानणे योग्य नाही, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष

२०१४ मध्ये अ‍ॅपलच्या उपकरणांतील सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीत एक गंभीर दोष उघडकीस आला. 'गोटू फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ समासावरून अटीच्या आतली भासत होती. परंतु महिरपी कंस नसल्याने ती विनाअट अमलात येत होती व पुढील महत्त्वाची पडताळणी टळत होती. डोळ्यांना दिसणारा मजकूर आणि घडणारी क्रिया यांत पडलेली ही फारकत म्हणजे डायक्स्ट्रा यांनी ४६ वर्षांपूर्वी सांगितलेलाच धोका होय.

म्हणून प्रात्यक्षिकांचे मूल्यमापन करताना 'गोटू' आहे की नाही, एवढेच पाहून गुण देणे अपुरे ठरते. कोणत्याही ओळीवर बोट ठेवून 'येथपर्यंत काय काय घडून गेले आहे?' असे विद्यार्थ्यास विचारावे. मजकुराच्या आधारे त्याला खात्रीने उत्तर देता आले, तर ती आज्ञावली खऱ्या अर्थाने संरचित आहे, असे म्हणता येईल.