कुलूप काढायला गावी

गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याचा विषय निघाला की बोलणं हमखास प्रवासावर घसरतं. तिकीट, खड्डे, माणगावची कोंडी. प्रवासाची ही कथा रंजक आहेच. पण गेल्या पाऊणशे वर्षांत खरी उलथापालथ झाली ती घराच्या उंबऱ्यावर, आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आधी वाटेचं. कोकणच्या बंदरांना जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत आणि भाद्रपदात समुद्र पुरता शांत झालेला नसे. म्हणून दक्षिण रत्नागिरी-सावंतवाडीकडचे लोक रेल्वेने कोल्हापूर गाठून फोंडा किंवा आंबोलीच्या घाटाने खाली उतरत. पावसातल्या समुद्राची धास्ती उगाच नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यातले कितीतरी सणाला घरीच निघाले होते. पुढे एसटी आली. अख्खी वाडी मिळून एक गाडी आरक्षित करायची, ती परळहून सुटून थेट वाडीच्या तोंडाशी थांबायची. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तरी एसटीच्या जादा गाड्या कमी झाल्या नाहीत. महामार्गाच्या चौपदरीकरणाला दीड दशक होत आलं. त्याविषयी न बोललेलंच बरं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा चतुर्थी महिन्यावर होती. तरी लोक निघालेच.

आता उंबऱ्याचं. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. बायको, पोरं, म्हातारी गावाला. म्हणजे कुटुंब तिथे आणि कमावणारा इथे. गणपतीला तो पाहुण्यासारखा जायचा. मुलांना कापडं, म्हातारीला लुगडं, मखराचे रंगीत कागद, हे त्याच्या ट्रंकेत. घर सारवणं, माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला) फळं-कवंडळं बांधणं, शाळेतून मूर्ती आणणं (मूर्तिकाराच्या कारखान्याला तिकडे शाळाच म्हणतात) ही सगळी तयारी घरच्यांनी केलेली असे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ही घडी विस्कटली. काही जण कायमचे गावी परतले, शेती करू लागले. जे मुंबईत टिकले त्यांच्या पुढच्या पिढीने बायकापोरांसह डोंबिवली, नालासोपारा, विरार गाठलं. म्हातारी गेली तसं गावच्या दाराला कुलूप लागलं. आता चाकरमानी पोहोचतो तेव्हा ओसरीवर कुणी वाट पाहत नसतं. आधी कुलूप काढायचं, वाळवी झाडायची, मीटर बघायचा, विहिरीचा पंप सुरू होतो का पाहायचं. पूर्वीचा पाहुणाच आता यजमान झालाय, आणि अशा घरांत त्याला पाहुणाही तोच. शेजारच्या काकीकडे किल्ली असते. मूर्तीची ऑर्डर तिनेच देऊन ठेवलेली असते, म्हणून निदान मखर रिकामं राहत नाही.

२०२० साली गाव आणि चाकरमानी यांच्यातलं हे नातं उघडं पडलं. टाळेबंदीतल्या त्या गणपतीला, चतुर्थी २२ ऑगस्टला असताना, दहा दिवस विलगीकरणात राहायचं म्हणून १२ ऑगस्टच्या आत पोहोचायला सांगितलं होतं. काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. ‘मुंबैकार’ या शब्दाला असलेली जुनी ऐट त्या वर्षी उतरली. दोन्ही बाजूंचं चूक नव्हतं असं मला वाटतं. गावात उरली होती ती बहुतेक म्हातारी माणसं आणि दवाखाना लांब.

तरीही मूळघरातला गणपती फुटला नाही, हे नवल. सातबारावर वीस-वीस नावं, पडवीच्या पत्र्यावरून कोर्टात दावा, पण मूर्ती एकच. वर्षाची पाळी ज्याची, खर्च त्याचा. ऋषिपंचमीला एकाच टोपातली भाजी, गौरी आल्या की अनेक घरांत वडे-सागोती, रात्री भजन, फुगड्या. चुलीवरचा भात मोजायला माणूस लागतं; तीस-चाळीस जणांचा अंदाज गॅसवर रोज चौघांचं करणाऱ्या सुनेला कसा यावा? म्हणून ज्या दोन-तीन चुलत्या अजून गावी आहेत, त्यांना या दिवसांत सेनापतीचा मान असतो.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हा वाटेतला एक नवा बदल. घरात मात्र वेगळा पेच आहे. पाळी ज्याची, तो मुलगा दुबईत किंवा आणखी लांब. तो पैसे पाठवतो, आरती मोबाइलवर बघतो. गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या विनवणीत, त्याचं नाव घेतात, मागून ‘व्हय म्हाराजा’ही होतं. पण पैसे धाडून पाळी फिटते की नाही, यावर भाऊबंदांच्या बैठकीत अजून एकमत नाही. गेल्या खेपेला विषय विसर्जनानंतर बोलायचा ठरला होता. विसर्जनानंतर सगळे गाडी पकडायला धावले.